ऊर आणि गाव

2014 साली बेळगावच्या आसपास दोन पाट्या गाजल्या. पहिली येळ्ळूरची. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाजवळचं हे गाव. तिथे कित्येक वर्षं एक फलक उभा होता: ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’. तो कुठल्या सरकारने लावलेला नव्हता, गावाने लावला होता. जुलै महिन्यात न्यायालयाच्या आदेशावरून प्रशासनाने तो काढला, गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, पुन्हा काढला गेला, लाठ्या चालल्या. दुसरी पाटी त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बदलली. कर्नाटकाने 12 शहरांची इंग्रजी नावं कन्नड उच्चाराप्रमाणे केली, त्यात बेळगावचं ‘बेळगावी’ झालं.

या दोन पाट्यांमध्ये एक विनोद दडलेला आहे, पण तो आमच्या गावात सांगायची सोय नाही, दोन्हीकडचे चिडतात. ‘ऊरु’ म्हणजे कानडीत गाव. म्हणजे छातीठोकपणे ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिणाऱ्या येळ्ळूरच्या नावाचा शेवट कानडी. आणि सरकारने हट्टाने कन्नड करून घेतलेल्या ‘बेळगावी’चा शेवट? ‘गावी’. तो आपल्या ‘ग्राम, गाम, गाव’ या घराण्यातला. कानडीत गावाला ऊरु म्हणतात, हळ्ळी म्हणतात. गावी म्हणत नाहीत. मराठीपणासाठी लाठ्या खाल्लेलं गाव नावाने कानडी आणि कन्नडपणाचा शिक्का बसलेलं शहर नावाने अर्धं मराठी.

मी बेळगावची. आता पुण्यात असते. माझ्या पासपोर्टवर जन्मस्थळ म्हणून जुनं इंग्रजी नाव आहे, आणि हल्लीचे ऑनलाइन फॉर्म भरताना यादीत फक्त नवं सापडतं. दोन कागदांवर दोन जन्मगावं. याचा मला फार त्रास झालेला नाही, पण या निमित्ताने आमच्या मुलखाच्या नावांच्या मागे लागले, आणि लहानपणापासून जे घोटून घेतलं होतं त्यातलं बरंच सैल झालं.

सुरुवात शहराच्या नावापासून. बाराव्या-तेराव्या शतकातल्या लेखांत हे गाव ‘वेणुग्राम’ किंवा ‘वेळुग्राम’ म्हणून येतं. वेणू म्हणजे बांबू, वेळू म्हणजेही बांबू. पालीत आणि मराठीत ‘वेळू’, संस्कृतात ‘वेणू’. कानडीच्या बाजूने दुसऱ्या व्युत्पत्ती सांगतात, कुणी ‘बेळगु’ म्हणजे उजेड असं म्हणतं, कुणी ‘बिळी’ म्हणजे पांढरं. पण शिलालेख हाताशी असताना उजेडाकडे जायची गरज मला वाटत नाही. गंमत पुढे आहे. ‘वे’चा ‘बे’ कुणी केला? सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’ करणं ही कानडीची जुनी सवय; संस्कृतातलं ‘वन’ कानडीत ‘बन’ होतं. म्हणजे वेळुग्रामाचा पहिला अर्धा भाग कानडी तोंडातून निघाला, आणि ‘ग्राम’चं ‘गाव’ होऊन दुसरा अर्धा मराठी तोंडातून. एका नावावर दोन भाषांनी आळीपाळीने काम केलेलं आहे, आणि त्या नावावरून गेली साठ-सत्तर वर्षं हाणामारी चालू आहे.

वेणुग्राम हे तेव्हा एका गावाचं नाव होतंच, शिवाय ‘वेणुग्राम-70’ नावाचा 70 गावांचा एक प्रांत होता. तो आधी गोव्याच्या कदंबांकडे होता, मग सौंदत्तीच्या रट्टांकडे आला. रट्टांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला राजधानी सौंदत्तीहून इथे आणली. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली. गाभाऱ्यासमोरच्या छतातलं दगडी कमळ आम्ही शाळेच्या सहलीत मान दुखेपर्यंत पाहिलेलं. याच रट्टांचे दोन शिलालेख बेळगावातून निघून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसले आहेत, म्हणजे तिसराच कुणीतरी घेऊन गेला.

या रट्टांचे लेख कानडीत. कन्नड अभिमानी लोक त्यांच्याकडे बोट दाखवतात, आणि बरोबरच दाखवतात. पण हे राजे स्वतःला काय म्हणवून घेत? ‘लत्तनूरपुरवराधीश्वर’. लत्तनूर नावाच्या श्रेष्ठ नगराचे स्वामी. हे लत्तनूर म्हणजे आपलं मराठवाड्यातलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बेळगावचा किल्ला बांधणाऱ्या कानडी राजघराण्याचं मूळ गाव लातूर, आणि लातूरच्या शेवटी पुन्हा तो ‘ऊर’ आहेच! भरीला रा. गो. भांडारकरांनी ‘महाराष्ट्र’ या शब्दाचा उगम शोधताना रट्ट नावाच्या कुळांकडेच बोट दाखवलेलं. मी हे सगळं एकदा एका सीमालढ्यातल्या ज्येष्ठ काकांना उत्साहाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “ते सगळं ठीक आहे गे, खरं कोर्टात लातूर चालत नाही.” आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात. मला ते उत्तर फार आवडलं.

मधली शतकं भराभर. यादव, विजयनगर, मग 1472-73 मध्ये बहमनींचा वजीर महमूद गावान याने किल्ला घेतला, मग आदिलशाही. असदखान लारीची सफा मशीद किल्ल्यात आहे. मुघलांनी शहराला आझमनगर म्हटलं, औरंगजेबाच्या मुलाच्या नावावरून. ते शहराला चिकटलं नाही. आझमनगर नावाची वस्ती तेवढी आहे. पुढे पेशवाई, आणि 1818 मध्ये मन्रोने किल्ला जिंकला. मग आले इंग्रज आणि त्यांचं स्पेलिंग: Belgaum.

या स्पेलिंगच्या शेवटी ‘एम’ का होता, हा प्रश्न मला शाळेत पडायचा. उत्तर मराठी व्याकरणात आहे. जुन्या मराठीत ‘गांव’ असं अनुस्वार देऊन लिहीत, तो नाकातला उच्चार इंग्रजांनी ‘एम’ने पकडला. वडगावच्या तहाचं गाव त्यांच्या पुस्तकांत ‘वारगाम’ होतं ते त्यामुळेच. मराठीत 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि ‘बेळगांव’चं ‘बेळगाव’ झालं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र तो मेलेला मराठी अनुस्वार आणखी 52 वर्षं तग धरून होता. हिंदीवाल्यांनी ते स्पेलिंग वाचून स्टेशनच्या पाटीवर ‘बेलगाम’ लिहिलं, ज्याचा हिंदीत अर्थ लगाम नसलेला. शहराचं राजकारण पाहता हे नाव अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

तर 2014 मध्ये नेमकं काय बदललं? मराठी माणूस आधीही बेळगाव म्हणत होता, आजही म्हणतो. कानडी माणूस आधीही ‘बेळगावि’च म्हणत होता, एसटीच्या कन्नड पाट्यांवर मी लहानपणापासून तेच वाचत आले. शहापूरची आमची आत्या भाजीवाल्या अक्कांशी बोलताना ‘बेळगावि’ म्हणायची आणि त्याच दमात आमच्याकडे वळून ‘बेळगाव’. तिला यात काही विशेष वाटायचं नाही. बदललं ते फक्त दोघांचंही नसलेलं तिसरं, इंग्रजी नाव. आणि आम्ही रागावलो ते त्या इंग्रजी नावासाठी. कारण त्यात, नकळत का होईना, आमचा अनुस्वार होता.

इथे माझ्या पुण्यातल्या मित्रमंडळींशी माझं जमत नाही. आपण 1995 मध्ये ‘बॉम्बे’चं अधिकृतपणे ‘मुंबई’ केलं तेव्हा युक्तिवाद हाच होता ना, की आमच्या भाषेत आम्ही जे म्हणतो तेच इंग्रजीतही म्हणा? मग कन्नडांनी तेच केलं की त्यांचं आक्रमण कसं? यावर एक खरं उत्तर आहे आणि ते मी मान्य करते: मुंबईचं नाव बदललं तेव्हा तिथल्या दुसऱ्या कुणाचं मुंबईवर राज्य म्हणून मागणं नव्हतं, बेळगावचं नाव बदललं तेव्हा महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता. वादात असलेल्या घराच्या दारावर एकाने आपल्या नावाची पाटी ठोकावी, तसं ते होतं. पण असं म्हणायचं तर त्या दारावर आधी कुणाकुणाच्या पाट्या होत्या तेही बघावं लागतं. आणि तिथे आपला मराठी हिशेब फारसा स्वच्छ नाही.

आता शहर सोडून मुलखाकडे येते. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार, हा सगळा पट्टा. त्याची नावं बघा.

‘कर्नाटक’ हे नाव जुनंच. ‘करु नाडु’ म्हणजे काळ्या मातीचा मुलूख, अशी एक व्युत्पत्ती. कुणी उंचावरचा मुलूख असंही म्हणतात. काळी माती म्हणाल तर धारवाड-विजापूरची काळी माती थेट सोलापूरपर्यंत जाते, माती सीमाप्रश्न मानत नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दरबारात रचल्या गेलेल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत आहे असं म्हटलंय. गोदावरीपर्यंत, म्हणजे आपलं पैठण, नांदेड वगैरे धरून! आमच्याकडच्या कन्नड संघटनांच्या भाषणांत हे अजून येतं. पण त्याच ग्रंथात अस्सल कन्नडचा गाभा कुठे, तर किसुवोळल, कोपण, पुलिगेरे आणि ओंकुंद या चार गावांच्या मधल्या भागात, असंही सांगितलंय. म्हणजे पट्टदकल, कोप्पळ, लक्ष्मेश्वर आणि ओक्कुंद. यातलं ओक्कुंद आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं, बैलहोंगलकडचं. तेव्हा बेळगाव जिल्ह्याचा कानडीशी काही संबंध नाही असं कुणी मराठी माणूस म्हणाला तर मी त्याला ओक्कुंदची बस दाखवते.

मग या नावाने एक विलक्षण प्रवास केला. विजयनगरचं राज्य कर्नाट राज्य म्हणून ओळखलं जाई. 1565 च्या लढाईनंतर विजयनगर उद्ध्वस्त झालं, राजधानी पेनुकोंडा, चंद्रगिरी, वेल्लोर अशी सरकत गेली आणि राजांबरोबर नावही सरकत गेलं. शिवाजी महाराजांची 1677 ची कर्नाटक मोहीम आठवा. महाराज गेले कुठे? जिंजी, वेल्लोर. तमिळ मुलखात. पुढे अर्काटचा नवाब ‘कर्नाटकचा नवाब’ झाला, इंग्रज-फ्रेंचांची ‘कर्नाटक युद्धं’ मद्रास, त्रिचनापल्ली, पाँडिचेरीभोवती झाली. शाळेत इतिहासाच्या तासाला ही युद्धं शिकताना मी नकाशात धारवाडच्या आसपास शोधत बसलेली मला आठवते. गाण्याचंही तेच. ‘कर्नाटक संगीत’ म्हणायचं आणि ऐकायला चेन्नईला जायचं. आणि खऱ्या कर्नाटकातल्या आमच्या पट्ट्याने काय दिलं? मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी. कुमार गंधर्व तर बेळगावजवळच्या सुळेभावीचे. सगळे हिंदुस्तानी गाणारे.

तर ‘कर्नाटक’ हे नाव असं पूर्व किनाऱ्याकडे निघून गेल्यावर मूळ कानडी मुलखाला काय म्हणायचं? तिथे तेव्हा सत्ता होती मराठ्यांची: पेशव्यांची, पटवर्धनांची, मुधोळच्या घोरपड्यांची. इंग्रजांनी जे दिसलं ते लिहिलं: ‘सदर्न मराठा कंट्री’. दक्षिणी मराठा मुलूख. 1882 मध्ये निघालेल्या रेल्वे कंपनीचं नाव ‘सदर्न मराठा रेल्वे’. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेबरोबर एकत्र होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. माझ्या आजोबांच्या पिढीची माणसं तिला एमएसएम म्हणत. हुबळीच्या कारखान्यात डबे दुरुस्त करणारा कानडी कामगार ‘मराठा’ रेल्वेत नोकरी करत होता. संस्थानी कारभारही तसाच चिरफाळलेला. आमच्या आत्याचं शहापूर आज बेळगावातच धरलं जातं, पण स्वातंत्र्यापर्यंत ते सांगली संस्थानात होतं. बेळगाव ब्रिटिश हद्दीत, आणि शहापूर पटवर्धनांचं. तिथले जुने लोक अजून सांगलीच्या राजांबद्दल आपलेपणाने बोलतात.

हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. धारवाडच्या कानडी माणसाने स्वतःच्या घरात बसून ‘मी दक्षिणी मराठा मुलखात राहतो’ असं इंग्रजीत लिहायचं, त्याला काय वाटलं असेल? एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्या भागातल्या सरकारी शाळांतही मराठीचा वरचष्मा होता. कानडी शाळा निघाव्यात म्हणून वॉल्टर एलियटसारख्या इंग्रज अधिकाऱ्याला आणि नंतर डेप्युटी चन्नबसप्पांना खटपट करावी लागली. 1890 मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला तो या पार्श्वभूमीवर. आलूर वेंकटराव, ज्यांना कन्नड कुलपुरोहित म्हणतात, ते शिकायला पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये होते आणि टिळकांच्या प्रभावाखाली होते. कन्नड अस्मितेचा पाया घालणारा माणूस मराठी अस्मितेच्या शाळेत शिकला. तो तिथून अभिमान कसा बाळगायचा हे शिकून आला, आणि आपण त्याच्या मुलखाला आपलं नाव दिलं आहे हे बघूनही आला. आज ‘बेळगावी’ हे नाव ऐकून माझ्या वडिलांना जे होतं, तेच तेव्हा त्यांना ‘सदर्न मराठा’ ऐकून होत असणार. मी हे घरी एकदा म्हणाले. वडील बराच वेळ वर्तमानपत्र वाचत राहिले.

मराठीतही आपण हा भाग ‘दक्षिण महाराष्ट्र’ म्हणूनच धरत होतो. आता दक्षिण महाराष्ट्र म्हणजे कोल्हापूर-सांगली. नाव पुन्हा सरकलं, या वेळी उत्तरेला, आणि निमूटपणे.

विसाव्या शतकात दोन स्वप्नं पडली, आणि दोन्ही बेळगावात. डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली काँग्रेस विहीर अजून आहे. अधिवेशनाच्या नगराला नाव दिलं होतं विजयनगर, ही काही सहज केलेली निवड नव्हे. यजमान गंगाधरराव देशपांडे, टिळकांचे कट्टर अनुयायी आणि लोकांनी पदवी दिलेली ‘कर्नाटकसिंह’. त्याच वेळी, त्याच गावात कर्नाटक एकीकरण परिषद भरली. आणि मग 12 मे 1946, त्याच बेळगावात मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. ‘एकीकरण’ हा शब्दही दोघांचा तोच: तिकडे कर्नाटक एकीकरण, इकडे महाराष्ट्र एकीकरण समिती. दोन्ही भाषांना आपापलं एकीकरण पाहिजे होतं आणि दोघांनाही त्यात बेळगाव पाहिजे होतं.

पुढचं मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. राज्य पुनर्रचना आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्याला द्यायची शिफारस केली. 1956 च्या जानेवारीत आंदोलन पेटलं, 17 जानेवारीला गोळीबार झाला, तो दिवस आजही हुतात्मा दिन. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याने बेळगाव शहर कर्नाटकाकडे ठेवून निपाणी-खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला आणि अक्कलकोट वगैरेंसह 247 गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. महाराष्ट्राची मागणी 865 गावांची आहे. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले.

ज्या राज्यात आम्हाला घातलं त्याचं नाव कर्नाटक नव्हतंच, हेही लोक विसरतात. ते म्हैसूर राज्य होतं, 1 नोव्हेंबर 1973 पर्यंत. जुन्या म्हैसूरच्या लोकांना आपलं नाव सोडवत नव्हतं, आणि धारवाडकडचे लोक ‘म्हैसूर’ हे आमचं नाव नव्हे म्हणून भांडत होते. म्हणजे कन्नड-कन्नडांतही नावाचा वाद 17 वर्षं चालला.

आमच्या लहानपणी 1 नोव्हेंबरला शहरात दोन मिरवणुका निघायच्या, अजूनही निघतात. एक राज्योत्सवाची, हळदीकुंकवाच्या रंगांचे झेंडे, ढोल, चन्नम्मा सर्कलला गर्दी. दुसरी काळ्या दिनाची, काळे कपडे घातलेल्या माणसांची सायकल फेरी. वडील फेरीत असायचे. आमच्या शेजारचे मास्तर, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, राज्योत्सवात. संध्याकाळी दोघं आमच्या कट्ट्यावर बसून दुखणारे गुडघे या विषयावर बोलायचे. एकाचे सायकलमुळे दुखायचे, एकाचे चालून. हे सांगते ते गोड शेवट म्हणून नव्हे. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात काही महिने दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, हेही खरं.

या मुलखाला आज काय म्हणायचं? आम्ही ‘सीमाभाग’ म्हणतो. कानडीत ‘गडिनाडु’, अर्थ तोच. दोन्ही शब्द मला सारखेच खटकतात. सीमा कुणाची? मुंबईत बसून पाहिलं तर बेळगाव कडेला आहे, बेंगळुरूत बसून पाहिलं तरी कडेलाच आहे. कडोलकर गल्लीत उभं राहून पाहिलं तर ते कशाच्याही कडेला नाही, चारी बाजूंना गाव आहे. सीमाभागातला माणूस म्हणून घेताना आपण दुसऱ्या कुणाच्या खुर्चीतून स्वतःकडे बघतो. 2021 च्या हुतात्मा दिनाला महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री कार्यालयाने ‘कर्नाटकव्याप्त’ हा शब्द वापरला. त्याचा साचा कुठला ते वेगळं सांगायला नको. टाळ्या पडल्या. मला तो शब्द सहन झाला नाही. ज्यांच्या मुलांबरोबर आम्ही शाळेत गेलो, ज्यांच्या बसेसनी फिरलो, त्यांना एका शब्दात परदेशी फौज करून टाकायचं आणि मग बेळगावच्या मराठी माणसाला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कचेरीत सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी पाठवायचं! मुंबईत शब्द बोलणाऱ्याला तो उतारा काढायचा नसतो.

आणि कन्नड बाजूचं नाव? 1956 पासून सरकारी कागदांत या पट्ट्याला ‘मुंबई-कर्नाटक’ म्हणत. बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, असे आजचे 7 जिल्हे. मुंबई इलाख्यात होता तो कर्नाटकाचा भाग, असं सरळ नाव. 2019 मध्ये हैदराबाद-कर्नाटकचं ‘कल्याण कर्नाटक’ झालं, तेव्हाच पुढचा नंबर कुणाचा ते कळलं होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये ‘मुंबई-कर्नाटक’चं ‘कित्तूर कर्नाटक’ झालं. कित्तूर बेळगाव-धारवाड रस्त्यावर. राणी चन्नम्मांनी 1824 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे इंग्रजांचा पराभव केला, कलेक्टर थॅकरे त्या लढाईत मारला गेला. त्यांचा शूर सरदार संगोळ्ळी रायण्णा 1831 मध्ये फाशी गेला तो नंदगडला, खानापूर तालुक्यात, म्हणजे महाजन आयोग जी गावं महाराष्ट्राला द्यायला निघाला होता त्यांतल्या एका गावात. रायण्णाच्या समाधीला जाणारी कानडी माणसं वाट विचारतात ती मराठी बोलणाऱ्या गावकऱ्यांना.

चन्नम्मांच्या नावाला माझा आक्षेप असण्याचं काहीच कारण नाही. नाव चांगलं आहे, मोठ्या बाईचं आहे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. शहराच्या इंग्रजी स्पेलिंगमधून ‘एम’ गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मोर्चे, निवेदनं, अग्रलेख. सात वर्षांनी सगळ्या मुलखाच्या सरकारी नावातून ‘मुंबई’ हा शब्द निघून गेला. आम्ही एकेकाळी मुंबईशी जोडलेले होतो हे कर्नाटक सरकार स्वतःच्या तोंडाने, रोजच्या कागदांत कबूल करत होतं, ती कबुलीच गेली. माझ्या ओळखीच्या मराठी माणसांपैकी त्यावर कुणी अवाक्षर काढल्याचं मला आठवत नाही. मी वडिलांना फोन करून विचारलं, तर त्यांना ठाऊक होतं. “ते नाव आम्हाला कधी आवडायचं नाही गे,” ते म्हणाले. “त्याच्यात शेवटी ‘कर्नाटक’ होतं की.”